कपाट पोचवायचं आहे

नानांनी तो खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि पडद्यावरच्या माणसाच्या पाठीवर काचेचं कपाट होतं. माणूस एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उड्या मारत होता. प्रत्येक उडीला कपाटाच्या काचा किणकिणत होत्या, आणि नानांची लेक खुर्चीत पाय वर घेऊन, ओठ दाताखाली धरून बटणं दाबत होती. नाना दारातच थांबले. चहा पार निवेपर्यंत त्यांनी पाहिलं आणि मग एक साधा प्रश्न विचारला.

"कपाट कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? कपाट आहे, बाबा."

"आणि हा ते घेऊन कुठे चाललाय?"

"पुढे."

"जिन्याने का जात नाही?"

"जिन्याने गेला तर मजा काय?"

नानांनी कप टेबलावर ठेवला आणि ते बाहेर आले. मजा हे कारण त्यांना कधीच पटलं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत ते विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासत. उभी हयात त्यांनी लोकांच्या गोष्टी ऐकण्यात घालवली होती. झाड आडवं आलं आणि स्कूटरला धडकलं. फ्रिज आपणहून जिना उतरला. मांजराने टीव्ही पाडला, आणि तेच मांजर आदल्या वर्षी शेजाऱ्यांचाही टीव्ही पाडून आलेलं. गोष्टीत कारण सापडलं नाही की नाना पेन खाली ठेवत, चष्म्यावरून समोरच्याकडे बघत आणि शांतपणे म्हणत, "पुन्हा पहिल्यापासून सांगा." एवढ्या भांडवलावर त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता. असल्या माणसाला काचेचं सामान, पॅकिंग न करता, गच्च्यांवरून, निव्वळ मजा म्हणून नेलेलं कसं पचावं?

लेकीचं असं होतं की दूरच्या शहरातली चांगली नोकरी सोडून ती घरी परत आली होती आणि मागच्या खोलीत मैत्रिणीला घेऊन हा खेळ तयार करत होती. मैत्रीण फार हुशार आहे असं लेक सांगायची. पण ती कशालाही 'हूं' एवढंच म्हणे, त्यामुळे घरात तिचं नावच हूं पडलं होतं. खेळ विकत घेणारी एक कंपनी होती. कंपनीने घेतला तर दोघी हेच काम पुढे करणार. नाही घेतला तर जुन्या ऑफिसने लेकीची खुर्ची अजून राखून ठेवलेली होती, आणि लेक पुन्हा तिकडे जाणार होती. चारचौघांत नाना म्हणत, "तिचं तिला ठरवू दे, आपण मध्ये पडायचं नाही." घरात मात्र त्यांनी मागच्या खोलीला नवा पंखा बसवला, पडदे बदलले आणि खिडकीखाली भाजीवाला ओरडला की त्याला पुढच्या गल्लीत पिटाळायला सुरुवात केली. ती आल्यापासून घर घरासारखं वाटत होतं. ती पुन्हा गेली तर काय, याचा विचार ते अजिबात करत नसत, म्हणजे दिवसभर तोच करत.

कंपनीच्या साहेबांनी खेळ एकदा पाहिला होता. "उड्या छान आहेत," ते म्हणाले होते, "पण गोष्ट नाही. जराशी गोष्ट घाला आणि पुन्हा या."

लेक नानांकडे आली. "बाबा, कपाट कुणाचं ते तुम्ही विचारत होता ना? मग आता तुम्हीच ठरवा. चार ओळी लिहून द्या."

चार ओळी लिहायला नानांनी फुलस्केप कागदांचा गठ्ठा आणला.

पहिल्या दुपारी त्यांनी पडद्यावरच्या माणसाला धंदा दिला. तो सामान वाहणारा झाला, कारण बेकार माणसाला कपाट देणार कोण? दुसऱ्या दुपारी कपाटाला मालक मिळाला. कपाट त्या हमालाच्याच मुलीचं. मुलीने दूरच्या गावी बिऱ्हाड केलेलं, बाकीचं सामान आधीच गेलेलं, हे कपाट तेवढं राहिलेलं, आणि ते बाप स्वतः पोचवणार. इथवर सगळं ठीक होतं. आता कपाट निघायला हरकत नव्हती. पण नाना अनुभवी माणूस. त्यांनी रस्ता खोदलेला दाखवला. मग टेम्पोचं चाक पंक्चर केलं. चाक दुरुस्त होईस्तोवर हमालाच्या थोरल्या भावाला ताप आणला, आणि हमाल पाठीवरचं कपाट न उतरवता त्याला भेटायला गेला. भावाचे डॉक्टर नेमके रजेवर. एका दुपारी तर नानांना कपाट बनवणारा सुतार आठवला आणि त्याचं बालपण, उमेदवारी आणि भावाशी फिसकटलेली भागीदारी यात पुढचे सगळे कागद गेले.

"बाबा, कपाट पोचतं कधी?" लेकीने एकदा दारातून विचारलं.

"पोचेल की. घाई काय आहे?"

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण ती नानांनीच पसरवली. लगेच सल्ले यायला लागले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले की तात्पर्य हवं; तात्पर्य नसलेली गोष्ट मुलांना नादी लावते. "शिवाय आवाज हवा," ते म्हणाले, आणि गोष्ट मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायची जबाबदारी त्यांनी आपणहून अंगावर घेतली. सकाळच्या प्रार्थनेनंतर सूचना द्यायच्या आवाजात ते ती वाचू लागले. हमालाच्या भावाला ताप येतो ती जागा त्यांनी अशी वाचली की उद्या शाळेला सुट्टी नाही असं वाटावं. समोरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना गोष्टीशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी पडद्यावरचा माणूस एकदाच पाहिला आणि सांगून टाकलं, "हा कमरेतून वाकतोय. गुडघ्यातून वाकवा, नाहीतर दुसऱ्या गच्चीवर पोचायच्या आत त्याची पाठ गेलीच म्हणून समजा." हूं 'हूं' म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून हमाल गुडघ्यातून वाकायला लागला. आपल्या शब्दाला एवढा मान कुठे मिळतो, असं म्हणत बाई रोज नवी दुरुस्ती घेऊन यायला लागल्या.

खरी अडचण आली ती सोसायटीच्या सेक्रेटरींकडून. त्यांनी खेळात आपली इमारत ओळखली. लेकीने खिडकीतून दिसलं ते काढलं होतं, त्यामुळे गच्ची तीच, डिशच्या छत्र्या त्याच, आणि कोपऱ्यातली गळकी पाण्याची टाकीही तीच. सेक्रेटरी कमिटीचा ठराव घेऊनच घरी आले.

"गच्चीवर जायला कमिटीची परवानगी लागते," ते म्हणाले.

"आम्ही कुठे गेलोय? हमाल जातोय," नाना म्हणाले.

"तो सभासद आहे का?"

"नाही."

"मग तर मुळीच जाता येणार नाही. आणि टाकी गळताना दाखवलीये. उद्या कुणी फ्लॅट बघायला आलं आणि त्यांच्या पोराने हा खेळ खेळलेला असला तर?"

नानांनी स्वतःच्या हयातीत अशा किती हरकती काढल्या होत्या याची गणती नव्हती, पण हरकत समोरून आली की ती कशी दिसते हे त्यांना आज कळलं. बरीच घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की खेळातल्या टाकीची गळती बंद करावी, तिला फिकट निळा रंग द्यावा, आणि सगळा खेळ सोसायटीच्या हॉलमध्ये कमिटीला दाखवून मान्यता घ्यावी. खऱ्या टाकीचा विषय पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं. ती अजून गळते आहे.

हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. नाना इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. आपली गोष्ट लोक कशी ऐकतात हे बघायचं म्हणून त्यांनी खुर्ची थोडी तिरकी करून घेतली होती. दिवे मालवले, मुख्याध्यापकांचा आवाज घुमला, "एका शहरात एक हमाल राहत होता," आणि पहिल्यांदा खेळायला बसलेल्या सेक्रेटरींनी बटणावर अंगठा दाबला. आवाज तुटला. हमाल थेट गच्चीवर.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"खाली 'वगळा' लिहिलंय ना, ते दाबलं," सेक्रेटरी म्हणाले. "चहा आहे का नंतर?"

मग एकेक करून सगळ्यांनी दाबलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी भावाचा ताप वगळला. त्यांच्या यजमानांनी खोदलेला रस्ता वगळला. मुख्याध्यापकांची पाळी आली तेव्हा नानांना आशा होती, निदान स्वतःच्या आवाजापायी तरी ते थांबतील. मुख्याध्यापकांनी सुताराचं आख्खं बालपण वगळलं आणि म्हणाले, "मला पाठच आहे ते." पण उडी मारायची वेळ आली की हीच माणसं श्वास रोखून बसत, काच फुटली की हळहळत आणि पुन्हा पाळी मागत. नानांची गोष्ट होती तिथे मात्र सगळ्यांचे अंगठे पोटात दुखल्यासारखे धावत.

सगळ्यांत कहर केला तो नानीने. नानी म्हणजे नानांची बायको. नानांना नाना म्हणतात म्हणून इमारतीने तिला नानी करून टाकलं होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं. ज्यांनी कधी खेळ खेळला नाही त्यांना तो जमतो का, हे बघायला लेकीने तिला बसवलं, आणि निघालं काय, तर तिच्यासारखी उडी कुणालाच जमत नव्हती. तिच्या हातून काच फुटतच नसे. आणि 'वगळा' ती इतक्या सफाईने दाबायची की बटण पडद्यावर उमटायच्या आत काम झालेलं असायचं. संसारात एवढी वर्षं सराव झालेला होता.

घरी आल्यावर नानांनी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला. मग म्हणाले, "तू एक ओळ वाचली नाहीस."

"अहो, तो बिचारा पाठीवर कपाट घेऊन उभा आहे," नानी म्हणाली. "त्याचे पाय भरून आले असतील. अशा वेळी मी तुमचं वाचत बसू?"

"त्याचे पाय का भरून आलेत, तेच तर लिहिलंय त्यात."

"ते मला दिसतंय ना. लिहायला कशाला हवं?"

लेकीने समजावून पाहिलं. "बाबा, लोक आधी खेळतात. खेळता खेळता त्यांच्या मनात आलं पाहिजे, की कपाट कुणाचं. आधीच सांगत बसलं तर कोण ऐकतं?"

"म्हणजे आधी अपघात, मग जबाब?"

"तसंच."

नानांच्या साऱ्या नोकरीत कामं ह्याच क्रमाने झाली होती. फुटलेली काच बघितल्याशिवाय त्यांनी कधी कुणाचा जबाब ऐकला नव्हता. पण दुखावलेल्या माणसाला असली गोष्ट मान्य करता येत नाही. ते "बघू" म्हणाले आणि जेवणावरून अर्धपोटी उठले. मागून नानीने ताट झाकून ठेवलं आणि थोड्या वेळाने त्यांनी ते संपवलंही, पण उठले होते हे महत्त्वाचं.

कंपनीत जायच्या आदल्या दिवशी लेक काही आणायला बाहेर गेली तशी नाना मागच्या खोलीत गेले. हूं एकटीच कामात होती.

"ते 'वगळा'चं बटण," नानांनी घसा साफ केला, "ते जरा काढता येईल का?"

"हूं."

"म्हणजे एकदाच, उद्यापुरतं. साहेबांनीच गोष्ट मागितलीये ना? मग त्यांना सगळी ऐकायला मिळायला नको? लेकीला आताच सांगायची गरज नाही. तिला उगाच ताण."

हूंने खुर्ची पडद्याकडे वळवली. "हूं," ती म्हणाली, आणि तिने बटण काढलं.

कंपनीत चौघंही गेली. लोकांसमोर लेकीची उडी हमखास चुके, म्हणून खेळणार नानी. नानांनी निरोप समारंभाचा कोट घातला होता. दारातल्या सुरक्षारक्षकाने विचारलं, "आपण कोण?" नाना म्हणाले, "कथालेखक." रक्षकाने समोरची यादी बघितली, पुन्हा नानांकडे बघितलं आणि त्यांच्या छातीवर 'सोबत' असं लिहिलेली चिकटपट्टी लावली.

साहेब वयाने लेकीएवढेच होते, पायात पळायचे बूट. बाहेरच्या बाकावर पुढची मंडळी येऊन बसलेलीच होती. "दाखवा," साहेब म्हणाले, आणि मुख्याध्यापकांचा आवाज सुरू झाला.

सुरुवातीला नानांनी डोळे मिटून घेतले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपली गोष्ट कुणीतरी न तोडता ऐकत होतं. रस्ता खोदला गेला. चाक पंक्चर झालं. नानांनी डोळे उघडले तेव्हा साहेब फोन बघत होते. नानीचा अंगठा सवयीने बटणावर चालला होता आणि काही होत नव्हतं. लेकीचे कान लाल झाले होते. भावाला ताप चढला, डॉक्टर रजेवर गेले, आणि सुतार आपल्या आत्याकडे शिकायला राहिला तेव्हा साहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

"हे वगळता येत नाही का?"

"येतं, सर. म्हणजे काल येत होतं." लेकीने हूंकडे पाहिलं. हूंने नानांकडे पाहिलं. लेकीनेही मग नानांकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. ती साहेबांकडे वळली. "माझी चूक आहे, सर. मीच काढायला लावलं."

आयुष्यभर नानांनी खोटे जबाब पकडले होते, पण त्यांच्यासाठी खोटा जबाब आजवर कुणी दिला नव्हता. ह्या एका बटणापायी पोरगी पुन्हा बॅग भरणार, आणि भरताना आपल्याला एका शब्दाने बोलणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं. ते उठून उभे राहिले.

"तिचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "बटण मी काढायला लावलं. तिला माहीतसुद्धा नव्हतं. गोष्ट बंद करा, साहेब. वाईट आहे ती. खेळ तेवढा बघा, तो चांगला आहे."

साहेबांनी घड्याळ बघितलं, बाहेरच्या बाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "पाच मिनिटं." तोवर हूंने लॅपटॉप ओढून घेतला होता. आवाज आत्याच्या दारातच थांबला. "झालं," हूं म्हणाली. ती दुसरं काही बोलू शकते हे नानांना तेव्हा कळलं, पण आश्चर्य करायला सवड नव्हती.

नानी खेळायला लागली. हमाल गुडघ्यातून वाकला, उडाला, काचा किणकिणल्या आणि थांबल्या. दुसरी गच्ची, तिसरी गच्ची, फिकट निळी टाकी. साहेबांनी खुर्ची पुन्हा पुढे घेतली. चहा घेऊन आलेला शिपाई ट्रे धरून तसाच उभा राहिला. एका अरुंद कठड्यावर हमालाचा तोल गेला आणि कपाट पार तिरकं झालं, तेव्हा साहेबांनी टेबलाची कड धरली. नानीने त्याला अलगद सरळ केलं. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. शेवटच्या गच्चीवर हमाल येऊन ठेपला. समोर एक फट, आणि फटीपलीकडे उघडं दार.

"तिथे कोण राहतं?" साहेबांनी विचारलं. "कपाट कुणाला द्यायचंय?"

लेकीने नानांकडे पाहिलं. एवढे कागद नानांना तोंडपाठ होते, पण त्यातला एकही आता तोंडाशी येईना.

"त्याच्या मुलीला," ते म्हणाले. "ती गेली दुसऱ्या गावी. हे कपाट पोचलं की तिचं आमच्या घरात काही राहत नाही."

लेकीने हळूच विचारलं, "बाबा, म्हणून ते पोचत नव्हतं होय?"

"रस्ता खोदलेला होता," नाना म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तो पुसून होईना. "जाऊ नकोस गं," ते चष्म्याकडे बघत म्हणाले.

साहेबांनी खाली मान घालून पायातल्या बुटाची नाडी पाहिली. ती सुटलेली नव्हती. "हे आता म्हणालात तेवढं ठेवा," ते म्हणाले. "शेवटच्या गच्चीवर. बाकीचं सगळं काढा." मग ते नानीकडे वळले. "हं, मारा उडी."

नानीने उडी मारली नाही. सरावात ही उडी तिने कितीदा तरी मारली होती, डोळे मिटून मारली असती. हमाल फटीच्या काठावर उभा होता, कपाटाच्या काचा मंद किणकिणत होत्या, आणि नानीचा अंगठा बटणाच्या वर अधांतरी होता.

"मारा ना," साहेब म्हणाले.

"पोरगी जाईल."

"बाई, हा खेळ आहे."

"माहीत आहे," नानी म्हणाली. "म्हणून तर थांबता येतंय."

बाहेरच्या बाकावरचं कुणीतरी खोकलं. शिपायाने ट्रे एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. साहेबांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि नानांकडे बघायचं टाळलं.

"घेतो आम्ही खेळ," ते म्हणाले.

"काम कुठून करायचं?" नानीने पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

"कुठूनही करू दे. घरून करू दे."

"नक्की?"

"नक्की."

नानीने अंगठा कपड्याला पुसला आणि उडी मारली.